मायनर लीगच्या वेतनाचा अभ्यास सुरू करताना

मायनर लीग म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधील मुख्य लीगच्या खालच्या व्यावसायिक लीग. आधी अमेरिकेच्या 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमध्ये (किमान वेतन आणि जादा तासांच्या मोबदल्याचा केंद्रीय कायदा) 2018 साली बेसबॉलपटूंसाठी घातलेले कलम शब्दन् शब्द वाचा. नवखे अभ्यासक हमखास समजतात की त्याने किमान वेतनच रद्द झाले. प्रत्यक्षात हंगामात दर आठवड्याला 40 तासांच्या किमान वेतनाइतका पगार द्यावाच लागतो, मात्र सराव आणि सामने मिळून खेळाडू 60 तास राबला तरी संघ केंद्रीय कायद्यानुसार जास्तीचे काही देणे लागत नाही, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. वसंतातील सराव शिबिराला तर ही अटही लागू नाही. राज्यांचे कायदे मात्र विसरू नका: मायनर लीगच्या खेळाडूंनी वेतनासाठी मेजर लीग बेसबॉलविरुद्ध भरलेल्या 2014 च्या सेने खटल्यात, जिथे 2022 मध्ये 18.5 कोटी डॉलरची तडजोड झाली, कॅलिफोर्निया व ॲरिझोनाच्या कायद्यांचाही आधार होता. मायनर लीग खेळाडूंची संघटना आणि मेजर लीग बेसबॉल यांच्यातील 2023 चा सामूहिक करार तूर्त बाजूला ठेवा.