क्राफ्ट जिनच्या स्पर्धेत परीक्षक नेमकं काय बघतात? आमची जिन पाठवण्याआधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भावाची गोव्यात छोटी परवानाधारक डिस्टिलरी आहे, जिनमध्ये तिरफळ आणि जायपत्री घालता आणि आता ती परदेशातल्या स्पर्धेत पाठवायची आहे. मी याच धंद्यात आहे. आमच्या जिन मी स्पर्धांना पाठवल्या आहेत आणि परीक्षकांच्या टेबलावरही बसले आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

परीक्षकाला तुमची बाटली दिसत नाही. सुंदर लेबल, भावाची गोष्ट, गोव्याचा समुद्र यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. समोर येतो तो नंबर लावलेला ट्युलिप आकाराचा ग्लास. सोबतच्या कागदावर कॅटेगरी लिहिलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी अल्कोहोलचं प्रमाण. त्यामुळे परीक्षक मनाशी एकच गोष्ट ताडून बघतो: कागदावर जे म्हटलंय ते ग्लासात आहे का? म्हणूनच कॅटेगरीच्या रकान्यात काय भरता यावर निकाल फार अवलंबून असतो, आणि नेमका तोच रकाना लोक शेवटच्या क्षणी घाईघाईत भरतात.

जिनच्या ‘लंडन ड्राय’ या प्रकाराच्या नावाला वजन आहे म्हणून सगळ्यांना ते हवं असतं. पण युरोपीय संघाच्या नियमांत त्याची व्याख्या कडक आहे. सगळा सुगंध भट्टीतच, नैसर्गिक वनस्पतींपासून उतरला पाहिजे. ऊर्ध्वपातनानंतर पाणी आणि तटस्थ स्पिरिट (म्हणजे स्वतःचा वास-चव नसलेलं अल्कोहोल) यापलीकडे काही घालायचं नाही. साखर लिटरमागे 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, रंग तर अजिबात नाही. गोकर्णाच्या फुलांनी निळी केलेली जिन कितीही देखणी असली तरी ती लंडन ड्राय नव्हे. तुम्ही तिरफळ भट्टीत घालता की नंतर भिजवता, हे भावाला आधी विचारा. नंतर भिजवत असाल तर ‘कंटेम्पररी’ किंवा ‘फ्लेवर्ड’ असा जो गट त्या स्पर्धेत असेल तो घ्या. त्यात कमीपणा नाही. चुकीच्या गटात गेलेली चांगली जिन मात्र हकनाक मार खाते.

आता ज्युनिपर. हे एका झुडपाचं सुगंधी फळ, जिनचा मूळ स्वाद त्याचाच. आपल्याकडे याला हपुषा किंवा हाऊबेर म्हणतात. जिनमध्ये ज्युनिपरची चव पुढे असली पाहिजे, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी नव्या जिनमध्ये सगळ्यांत जास्त वेळा हरवतो तो ज्युनिपरच. स्थानिक काहीतरी दाखवायच्या उत्साहात संत्र्याची साल, गवती चहा, वेलची असं इतकं काही वाढतं की ग्लासात मसाल्याचा सुगंधी अर्क उरतो, जिन उरत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामागची मेहनत ग्लासातही जाणवत असते. किती वनस्पती घातल्या याला गुण नाहीत. टँकरे ही नावाजलेली जिन चारच वनस्पतींवर उभी आहे: ज्युनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ आणि ज्येष्ठमध. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची मंकी 47 सत्तेचाळीस वनस्पतींची आहे. दोन्ही उत्तम आहेत, कारण दोन्हींत ज्युनिपर जागेवर आहे. आणि आपलेपण ज्युनिपरमधूनही आणता येतं: नाओ स्पिरिट्स या भारतीय कंपनीने हापुसा ही जिन बनवली ती हिमालयातला ज्युनिपर घेऊनच.

तिरफळाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ आपल्याला हवंहवंसं वाटतं, पण टेबलावरच्या इंग्रज किंवा अमेरिकन परीक्षकाने ते बहुधा कधी चाखलेलं नसतं. त्याला ओळखीची वाटेल ती सिचुआन मिरी, जी याच कुळातली आहे. तिरफळाच्या सालीचा लिंबाच्या अंगाने जाणारा वास ज्युनिपरला फार छान धरतो. त्यातला जिभेला मुंग्या आणणारा गुण मात्र जास्त झाला, तर परीक्षकाला शेवटची चव अर्धवट तुटल्यासारखी वाटते आणि पुढचा ग्लासही नीट कळत नाही. आतलं काळं बी कडवट असतं, ते काढूनच साल वापरा, स्वयंपाकात काढतो तसंच. आणि मात्रा ठरवायची असेल तर मूळ पाककृती, निम्मं तिरफळ आणि पाव तिरफळ अशा तीन लहान बॅच काढून बघा. माझा अंदाज आहे, निम्म्याची बॅच जिंकेल. जायपत्रीचंही तसंच. ती थोडी असते तेव्हा गोडसर ऊब देते, जास्त झाली की सगळं झाकून टाकते.

दोषांकडे येऊ. पहिल्या धारेचं आपल्याकडे केवढं कौतुक! जिनच्या भट्टीत मात्र पहिली धार बाजूला काढायची असते. मागच्या बॅचची तेलं नळीत राहिलेली असतात, ती तिच्यात उतरतात. मूळ स्पिरिट हलक्या प्रतीचं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वासही येतो. शेवटची धार उशिरापर्यंत घेत राहिलात तर उकडलेल्या पाल्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. परीक्षकांना हे दोन्ही वास पटकन कळतात, आणि ते आले की पुढच्या गोष्टींकडे सहसा कुणी वळत नाही. तिसरी अडचण गढूळपणाची. वनस्पतींची तेलं जास्त अल्कोहोलमध्ये विरघळलेली राहतात, पाणी घातलं की सुटतात आणि जिन दुधाळ दिसते. पाण्याने दुधाळ झाली तर बरेचजण समजून घेतात. नुसती जिनच ग्लासात धूसर दिसली, तर गुण जातात.

म्हणून घरी चाखताना पाणी घालून चाखाच. स्पर्धेत जिन साध्या तापमानाला, बर्फाशिवाय येते. आधी नुसती, मग बहुतेक ठिकाणी पाणी घालून. आपल्याकडची नेहमीची 42.8 टक्क्यांची जिन तितक्याच पाण्यात मिसळली की ती 21.4 टक्क्यांवर येते आणि तिचं सगळं खरं-खोटं उघडं पडतं. टॉनिकमध्ये साखर आणि क्विनाइनचा कडवटपणा असतो. तो बरंच झाकतो, म्हणून फक्त टॉनिकसोबत चाखून खूश होऊ नका.

परीक्षणाचं काम साधारण सकाळी चालतं, तेव्हा नाक ताजं असतं. अत्तर लावून यायचं नाही. प्रत्येक घोट थुंकायचा, मध्ये पाणी आणि साधी बिस्किटं. आधी प्रत्येकजण न बोलता आपापले गुण लिहितो, मग चर्चा होते. गुणांत फार तफावत असेल तर तो ग्लास पुन्हा मागवला जातो. या चर्चा मी मन लावून ऐकते. एखाद्याला आवडली नाही अशी जिनसुद्धा तो ‘पण हिच्यात दोष नाही’ म्हणून उचलून धरतो, तेव्हा या कामाबद्दलचा माझा आदर वाढतो.

कुठे पाठवावी? लंडनची आयडब्ल्यूएससी (इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन) ही स्पर्धा 1969 पासून चालू आहे. तिथे 95 आणि त्यावर गुण मिळाले तर सुवर्ण, 90 ते 94 ला रौप्य, 85 ते 89 ला कांस्य. 98 आणि त्यावर ‘गोल्ड आउटस्टँडिंग’. गोव्याच्याच स्ट्रेंजर अँड सन्सला 2020 साली तो मान मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच बळ आलं. सॅन फ्रान्सिस्कोची स्पर्धा 2000 साली सुरू झाली. तिथलं ‘डबल गोल्ड’ पॅनेलमधल्या सगळ्यांनी एकमताने सुवर्ण दिलं तरच मिळतं. दोन्हींना प्रवेश फी आहे, नमुने पाठवण्याचा खर्च वेगळा, आणि पदकाचा स्टिकर बाटलीवर लावायचे पैसेही अनेक स्पर्धा वेगळे घेतात. पदकं पुष्कळ वाटली जातात, त्यामुळे कांस्यासाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी एकच स्पर्धा निवडा, आणि तीसुद्धा परीक्षकांचे लेखी शेरे देणारी.

पाठवण्याआधी एक चाचणी कराच. तुमच्याच गटातली एक नावाजलेली जिन आणा. तीन नंबर घातलेले ग्लास भरायला तिसऱ्या माणसाला सांगा: दोनांत एक जिन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून चाचणी अनेकदा आणि अनेकांवर करा. मग वेगळेपण कशात आहे ते प्रत्येकाला लिहायला सांगा. ‘स्ट्राँग आहे’ यापलीकडे कुणी लिहू शकलं नाही, तर पाककृतीवर अजून काम बाकी आहे.

कागदपत्रांना भरपूर वेळ द्या. एक्साइजची परवानगी आणि तिकडच्या कस्टम्सचे कागद यात आठवडे जातात, आणि मुदत संपल्यावर पोचलेला नमुना चाखला जात नाही. दुकानात विकता त्याच बॅचमधून पाठवा, स्पर्धेसाठी वेगळी बॅच काढू नका. गिऱ्हाईक पदक बघून बाटली घेतं, त्याला तीच जिन मिळायला हवी. त्या बॅचच्या दोन-तीन बाटल्या सीलबंद करून अंधाऱ्या जागी ठेवा आणि बॅच नंबर लिहून ठेवा. शेरे आले की त्यातलीच एक उघडून, शेऱ्यांचा कागद समोर घेऊन भावासोबत बसा. ‘शेवट तुटक’ म्हणजे काय, ते त्याच जिनचा घोट घेत वाचलं तरच कळतं.