वाचकांचे प्रश्न : हिशेब विचारायचा, पण कोणत्या सभागृहात?

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विधान भवनाभोवती कठडे उभे राहू लागतात, मंत्र्यांच्या निवासाच्या रविभवनात रंगरंगोटी सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. लोकप्रतिनिधी सरकारी पैशाचा जाब मंत्र्यांना नेमका कसा विचारतात आणि तो पैसा संरक्षणाचा असेल तर विचारू शकतात काय, असे विचारणारी पत्रे यंदा अधिक आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. अधिवेशन आमच्या शहरात भरते, कारखानाही आमच्याच शहरात आहे. मग त्याच्या कारभाराबद्दल आणि खर्चाबद्दल आमचे आमदार विधानसभेत का विचारत नाहीत? (एक निवृत्त कामगार, वाडी)

उत्तर : आपली खंत रास्त आहे, पण आमदारांचे हात येथे घटनेनेच बांधलेले आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत देशाचे संरक्षण हा विषय संघसूचीत, म्हणजे केवळ केंद्राच्या अधिकारात, ठेवलेला आहे आणि जी बाब प्रामुख्याने राज्य सरकारच्या अखत्यारीत येत नाही तिच्याबद्दलचा प्रश्न विधानसभेत स्वीकारला जात नाही. आपला प्रश्न दिल्लीत, खासदारांमार्फतच विचारला गेला पाहिजे.

तेथेही १ ऑक्टोबर २०२१ पासून मोठा फरक पडला आहे. त्या दिवशी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याचे कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले. अंबाझरीचा कारखाना ‘यंत्र इंडिया’कडे गेला, या कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे, भंडारा आणि चांदा (भद्रावती) येथील निर्माण्या पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेल्या. कारखाना मंत्रालयाच्या थेट ताब्यात असताना त्याचा तपशील मंत्र्यांना विचारता येत असे. सरकारी कंपनीच्या दैनंदिन कारभाराबद्दलचे प्रश्न मात्र संसदेत सहसा दाखल करून घेतले जात नाहीत. धोरण, भांडवल, मोठी हानी अशा बाबींबद्दलच विचारावे लागते. त्यामुळे बढती, पाळी किंवा कॅन्टीन यांवरचा प्रश्न परत येण्याचीच शक्यता अधिक आहे, परंतु ‘या कंपनीला गेल्या तीन वर्षांत सैन्यदलांकडून किती रकमेची मागणी मिळाली आणि त्यापैकी किती वेळेवर पूर्ण झाली’ असा प्रश्न खासदाराने अवश्य द्यावा. कंपनीच्या हिशेबांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नजर असते आणि संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती तिची तपासणी करू शकते, हेही विसरू नये.

आमदारांसाठी काहीच उरत नाही, असे मात्र नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगारांचा जीव गेला. त्या स्फोटाचे कारण विचारणे हे खासदारांचे काम. पण जिल्हा प्रशासनाचे मदतकार्य, जखमींवरील उपचारांची व्यवस्था, आसपासच्या गावांसाठी आखलेली आपत्ती योजना आणि राज्याने त्यावर केलेला खर्च यांचा जाब विधान भवनातच विचारता येतो. माजी सैनिकांच्या कल्याणाचे कामही राज्य सरकार करते.

प्रश्न : अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो. मग नागपूरच्या अधिवेशनात दरवर्षी हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या कशा येतात? (एक गृहिणी, धरमपेठ)

उत्तर : वर्षाच्या मध्यात एखाद्या कामासाठी मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवीनच खर्च उद्भवला, तर सरकारला तो परस्पर करता येत नाही. घटनेच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे विधिमंडळापुढे पुन्हा हात पसरावा लागतो, त्यालाच पुरवणी मागणी म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये येथे मांडलेल्या पुरवणी मागण्यांचा आकडा ५५,५२० कोटी रुपयांच्या घरात होता.

पुरवणी मागणी मुळात अपवादासाठी असते. ती दर अधिवेशनाची रीत झाली म्हणजे मार्चमधील अंदाज सैल बांधला होता, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि हे मी कोणत्याही एका पक्षाच्या सरकारला उद्देशून म्हणत नाही. यावरील चर्चा त्या मागणीतील बाबींपुरतीच मर्यादित ठेवावी लागते. म्हणून ज्या आमदाराने मागण्यांची पुस्तिका रात्री बसून वाचलेली असते, तोच सकाळी मंत्र्यांना अडवू शकतो. बाकीचे आपल्या मतदारसंघातील रस्त्यांवर बोलून खाली बसतात. पत्रकार कक्षातून हे अनेक वर्षे पाहताना वाईट वाटत आले आहे, कारण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारान्वये वर्षातील एक अधिवेशन येथे भरते ते विदर्भाच्या माणसाला सरकार जवळून पाहता यावे म्हणून, आणि त्या मोजक्या दिवसांतील वेळ असा जातो.

प्रश्न : संरक्षणाबद्दल काहीही विचारले की मंत्री ‘देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने माहिती देता येणार नाही’ असे सांगतात. मग प्रश्न विचारून काय उपयोग? (एक निवृत्त शिक्षक, कामठी)

उत्तर : उपयोग आहे, आणि या पत्राला मी सर्वांत अधिक जागा देणार आहे, कारण असे मानून गप्प बसणारे लोकप्रतिनिधीही मी पाहिले आहेत.

काही माहिती खरोखरच गुप्त राहिली पाहिजे, याबद्दल वाद नाही. तोफ कोठे उभी आहे, क्षेपणास्त्राचा पल्ला किती आहे, हे संसदेच्या पटलावर ठेवण्याची मागणी कोणीही समंजस माणूस करणार नाही. पण पैसा कररूपाने आपल्या खिशातून जातो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते. त्यांपैकी १,८०,००० कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे प्रामुख्याने नव्या सामग्रीचे, आणि १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. हे आकडे उघड आहेत आणि त्यांच्यावरचा प्रश्न गुप्ततेच्या नावाखाली सहज नाकारता येत नाही.

गुप्ततेची रेषा स्थिर नसते, हेही लक्षात घ्यावे. राफेल विमानांचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी लोकसभेत लेखी उत्तरात एका विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी रुपये सांगितली होती. पुढे शस्त्रे आणि उपकरणांसह संपूर्ण किंमत विचारली गेली, तेव्हा ती देण्यास सरकारने नकार दिला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही किमतीचे आकडे झाकलेले होते. एकूण व्यवहार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त पडल्याचे तेवढे त्यात नमूद होते. दुसऱ्या बाजूच्या सरकारचेही उदाहरण देतो. १९६२ च्या पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल उघड करावा, असा प्रश्न वारंवार आला आणि २०१० मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेला सांगितले, की त्यातील मजकूर अत्यंत संवेदनशील असून आजही लष्करीदृष्ट्या मोलाचा आहे. तेव्हा त्या लढाईला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती! सरकारे बदलली तरी उत्तराचा सूर बदलला नाही, म्हणूनच विचारणाऱ्यांनीही चिकाटी सोडता कामा नये.

सभागृहात जे मिळत नाही ते पुष्कळदा समितीत मिळते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, मंत्र्यांना तिचे सदस्य होता येत नाही आणि तिच्या बैठका बंद दाराआड होतात. दूरचित्रवाणीचा कॅमेरा नसल्यामुळे तेथे अधिकारीही मोकळेपणाने बोलतात. मार्च २०१८ मध्ये या समितीचा जो अहवाल आला, त्यात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष आहे. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, २४ टक्के सध्याच्या काळातील आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी केवळ ८ टक्के आहे, असे त्यांनी सांगितले. आधुनिकीकरणासाठी दिलेले २१,३३८ कोटी रुपये आधीच मान्य केलेल्या १२५ योजनांची २९,०३३ कोटींची देणी भागवण्यासही पुरणार नाहीत, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. यात कोणतेही लष्करी रहस्य फुटले नाही, पण देशाला वस्तुस्थिती कळली.

हा अहवाल १३ मार्च २०१८ रोजी संसदेत सादर झाला. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च रोजी, लोकसभेने संरक्षणासह सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या गदारोळात, चर्चेविना मंजूर केल्या. संसदेच्या भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. समितीच्या सदस्यांनी आठवडेच्या आठवडे बसून काढलेले आकडे हाताशी असताना सभागृहाने ते उघडूनही पाहू नयेत, हे मला त्या वेळी फार लागले होते आणि आजही लागते. त्या वर्षी मंत्र्यांनी काही लपवले नव्हते. विचारणारेच जागेवर नव्हते.

महालेखापरीक्षकांचे अहवाल हा आणखी एक मार्ग आहे. दारूगोळ्याच्या साठ्यावरील त्यांचा पहिला अहवाल २०१५ चा आणि त्याचा पाठपुरावा २०१७ चा. सप्टेंबर २०१६ अखेर दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता, असे त्यात नोंदले आहे. भंडारा, भद्रावती आणि पुलगाव यांच्यामध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री लागलेली आग आपल्या भागात अनेकांना आठवत असेल.

प्रश्न : मंत्र्यांनी टाळाटाळीचे किंवा चुकीचे उत्तर दिले तर आमदार-खासदार काय करू शकतात? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, काटोल)

उत्तर : प्रथम छापील उत्तर कसे दिसते ते पाहावे. आपल्या विधानसभेतील तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नाची घडण ठरलेली असते : ‘(१) अमुक बाब निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली मंत्र्यांचे उत्तर येते : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ यातील ‘अंशतः’ हा शब्द जेथे दिसेल तेथे थांबावे. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हा पहिला उपप्रश्न त्या एका शब्दातून निघतो, आणि तारांकित प्रश्नाचा सारा लाभ उपप्रश्न विचारता येण्यातच आहे. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात, पण तासाभरात त्यांतील मोजकेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखी होतात. उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते. मंत्र्यांनी ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते. केंद्रात ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे दाखवता आले तर हक्कभंगाचा मार्ग आहे.

आपल्या अभ्यासासाठी एक प्रकरण अवश्य वाचावे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. फिरोज गांधी हे सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, तरीही प्रश्नोत्तरांतून वर आलेला हा विषय त्यांनी डिसेंबरमध्ये लोकसभेत कागदपत्रांनिशी लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

संसदेतील प्रश्नोत्तरे दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर मंत्रालय आणि तारखेनुसार शोधता येतात. विधान भवनात प्रेक्षक सज्जात बसायचे असल्यास आपल्या आमदारांकडून प्रवेशपत्रिकेसाठी शिफारस घ्यावी आणि प्रश्नोत्तराचा तास चुकणार नाही अशा बेताने काटोलहून सकाळी लवकर निघावे.