भाचा, गडी की पाहुणा?

"शहरातली नोकरी सुटली म्हणून गावी शेतीवर आलो. काम झेपत नाही, माणसं आपलं म्हणत नाहीत, संध्याकाळ खायला उठते. माझंच चुकलं का? परत जाऊ?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारा कधी नुकताच निवृत्त झालेला कारकून असतो, कधी लग्न होऊन बागायतदाराच्या घरात आलेली पुण्याची मुलगी. इथे सांगते ती हकीकत दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका घराची आहे. त्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेला, कल्याणला वाढलेला मुलगा. एका गोदामात सुपरवायझर होता, गोदाम दुसऱ्या राज्यात हललं आणि नोकरी गेली. आईचा सख्खा भाऊ इथे असतो. त्यांना मूलबाळ नाही. खाली नारळी-पोफळीची वाडी, वर उतारावर हापूसची कलमं, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला थोडी भातखाचरं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मामांच्या निम्म्याहून जास्त पोफळी मोडून पडल्या. नवी रोपं लावली, पण पोफळ लावल्यावर सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षं तरी जातात आणि मामांचे गुडघे काही तेवढं थांबायला तयार नव्हते. "ये की इकडे, तुझंच घर आहे," असं मामी फोनवर म्हणाल्या. भाचा मृगाच्या तोंडावर बॅग घेऊन हजर झाला.

माझ्याकडे आला तो श्रावणात. झोप लागत नव्हती, भूक गेली होती, पाय कुजल्यासारखे झाले होते. "मॅडम, मी या कामाचा माणूसच नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

पहिलं काम मनाचं नव्हतं, अंगाचं होतं. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या त्याला झाल्या होत्या आणि तशाच उघड्या पायांनी तो खाचरात उतरत होता. मधून मधून अंगात कणकण. कोकणात भातशेतीच्या दिवसांतला ताप 'दगदगीचा' म्हणून अंगावर काढू नये; लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो आणि जखमेतून तो सहज शिरतो. त्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवलं. लेप्टो नव्हता. गमबूट घ्यायला सांगितले. हे समुपदेशकाचं काम का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'हो' असं आहे. ठणकत्या पायांनी रात्र काढणाऱ्या माणसाला त्याच्या भावनांबद्दल विचारत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

मग बोलणं सुरू झालं. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली होती. ती मी त्याच्यापुढे ठेवली. नोकरी जाणं, कामाचा प्रकार बदलणं, पैशाची स्थिती बदलणं, राहतं घर बदलणं, झोपेच्या वेळा बदलणं, जेवणखाण बदलणं, लोकांतली ऊठबस बदलणं. तो एकेकावर बोट ठेवत गेला आणि शेवटी हसला. (त्या यादीत नाताळसुद्धा आहे. आपल्याकडे त्या जागी गणपती घालायला हरकत नाही. त्यावर पुढे येतेच.) एवढं सगळं एका पावसाळ्यात अंगावर आलं की कुणीही हलेल. पण त्याची खरी गाठ या यादीत नव्हती.

त्याला सगळ्यात जास्त काय लागलं होतं, ते ऐका. मामी त्याला पहिल्या पंगतीला बसवून गरम भाकरी वाढायच्या आणि वाडीतला जुना गडी मागीलदारी जेवायचा. शेणखत वाहायची पाटी उचलली की मामा म्हणायचे, "राहू दे रे, तो करेल." लावणीला आलेल्या बाया "भाचेसाहेब, बांधावर बसा, लावलेलं तुडवाल," म्हणून खिदळायच्या. एक दिवस जिद्दीने त्याने दिवसभर ग्रास कटर चालवला. दुसऱ्या दिवशी कंबर धरली आणि मामींनी गरम पाण्याच्या पिशवीसकट त्याला दोन दिवस माजघरात झोपवलं. गडी काही शिकवत नव्हता, विचारलं तर "बघा, येईल" म्हणायचा. ह्या सगळ्याचा अर्थ त्याने लावला तो असा: मी नालायक आहे आणि हे सगळ्यांना कळलंय.

मला ते तसं दिसलं नाही. आपल्याकडे भाच्याचा मान असतो. भाच्याला जेवू घालणं पुण्याचं, त्याला शेणात हात घालायला लावणं म्हणजे बहिणीचा अपमान. हा मुलगा शेतीत नापास झाला नव्हता, त्याची परीक्षाच कुणी घेतली नव्हती. तो पाहुण्याच्या पाटावर बसलेला होता आणि तिथून उठायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

पुढच्या भेटीला मामांना सोबत आणायला सांगितलं. ते आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून, जरा रागातच. "आमच्या घरात त्याला काय कमी आहे?" काहीच कमी नाही, उलट जास्त आहे, असं मी म्हटल्यावर ते थांबले. त्याने सकाळी कुठलं काम करावं असं तुम्हाला वाटतं, असं मी विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाच्याला शेण उचलायला लावू? बहिणीला काय तोंड दाखवू?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "शिवाय उद्या ह्याला कल्याणला नोकरी लागली की हा जाणार. शिकवून ठेवायचं आणि मग?"

भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. मामा आपल्याला कधी आपलं म्हणतात याची तो वाट बघत होता, आणि हा कधी जातो याची मामा मनातून धास्ती घेऊन बसले होते. दोघांनी जून ते श्रावण एकाच घरात हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? घरात बोलणं होतं ते पावसाचं, विजेचं आणि वानरांनी पाडलेल्या शहाळ्यांचं.

इथून पुढे मी फार मानसशास्त्र केलं नाही. तीन गोष्टी तोंडाने बोलून ठरवायच्या होत्या, त्या ठरवायला बसलो.

पहिली, मुदत. पुढच्या मृगापर्यंत तो इथे आहे. तोवर नोकरीचे अर्ज नाहीत आणि "जाणार का राहणार" हा विषय घरात काढायचा नाही. पावसाळ्यात आलेल्या माणसाने पावसाळ्यावरून शेती ठरवू नये, असं माझं मत आहे. त्याने अजून कापणी पाहिली नव्हती, मोहोर पाहिला नव्हता, वाडीचं शिंपणं पाहिलं नव्हतं.

दुसरी, काम. सगळ्या कामात हात घालून कुठल्याच कामाचा धनी न होणं हे नवख्याला खचवतं. वादळानंतर लावलेल्या पोफळी त्याच्या, असं ठरलं. बुंध्याभोवतीची आळी, खत, पाऊस सरल्यावरचं पाणी, रोग, मर, सगळं. चुकलं तरी त्याचंच. शिकवायचं मात्र गड्याने. यात अडचण होती. वीस-बावीस वर्षं त्या वाडीत राबलेल्या माणसाला घरचा तरुण हाताशी आलेला बघून काय वाटेल? आपली गरज संपली. म्हणून तो "बघा, येईल" म्हणत होता, आणि माझ्या मते त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मामांनी घरी जाऊन दोघांसमोर सांगितलं की गड्याचं काम आणि मजुरी आहे तशी राहील, आणि भाचा त्याच्या हाताखाली आहे. 'हाताखाली' हा शब्द मामांच्या तोंडून निघायला वेळ लागला, असं भाच्याने नंतर सांगितलं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. तो बिनपगारी होता. मोबाईलच्या रिचार्जला, दाढीच्या सामानाला, मित्राच्या लग्नाला जायला मामींकडे हात पसरायचा. "घरच्याला कसला पगार?" हे मामांचं म्हणणं प्रामाणिक होतं. पण तिशीतल्या माणसाला दर वेळी मागून घ्यावं लागलं की तो स्वतःला पोरका समजू लागतो, घरचा नाही. मी एवढंच विचारलं की गड्याला महिन्याच्या कुठल्या तारखेला पैसे देता. त्यांनी तारीख सांगितली. त्याच तारखेला, त्याच वहीत, एक आकडा भाच्याच्याही नावाने लिहायचं ठरलं. आकडा किती, यावर मामा-भाच्यात घासाघीस झाली. ती ऐकताना मला बरं वाटलं, कारण पाहुण्याशी कुणी घासाघीस करत नाही.

एक बाजू राहिली होती, भावकीची. कोकणातले सातबारे बहुतेक सामाईक असतात, एकेका तुकड्यावर आठ-दहा नावं. मामांचे दोन पुतणे मुंबईत आहेत. मामाला मूल नाही आणि बहिणीचा मुलगा येऊन बसलाय, याचा अर्थ त्यांनी लावला नसता तरच नवल. गणपतीला ते येणार होते. भाच्याची झोप उडण्यात या येण्याचा मोठा वाटा होता. "काय मग, आता इथेच का?" हा प्रश्न आरतीला जमलेला प्रत्येक चाकरमानी विचारणार. आम्ही उत्तर तयार केलं, चार-पाच वेळा म्हणून बघितलं: "मामांकडे कामाला आहे. पुढच्या पावसापर्यंत तरी आहे." एवढंच. खुलासे नाहीत, हक्क नाही, विनोद नाही. जमिनीचं काय ते मामांनी पुतण्यांशी बोलायचं आणि कागदाचा प्रश्न वकिलाकडे न्यायचा. ते माझं क्षेत्र नाही, हेही स्पष्ट केलं. पुतण्यांचे चेहरे काही लगेच खुलले नाहीत. पण भाच्याने सांगितलं की तो प्रश्न आला तेव्हा पोटात गोळा आला नाही.

अशी हकीकत वाचून सगळ्यांनीच "एक वर्ष काढू" असं म्हणू नये. नव्या जागी पहिले काही महिने उदास वाटणं, चिडचिड होणं वेगळं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खाली, कशातच रस नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडलेली, असं असेल तर तो जागेचा किंवा कामाचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. जगणं नको असा विचार आला तर तेवढेही दिवस थांबू नये. रत्नागिरीला शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं. या मुलाचीही मी दर भेटीला तशी विचारपूस करत होते. घरात कामाचं वाटप ठरल्यावर त्याची झोप हळूहळू परत आली, म्हणून पुढे पाठवण्याची वेळ आली नाही.

दिवाळीनंतर वाडीचं शिंपणं सुरू झालं. पाट कुठे फोडायचा, कुठल्या आळ्यात पाणी किती वेळ राहू द्यायचं, हे गडी त्याला शिकवतो, शिव्या घालूनच. त्याची काही रोपं मेली, ती त्याने वहीत मांडली. संध्याकाळ अजूनही जड जाते. सात वाजता अंधार, मित्र सगळे कल्याणला, मोबाईलला रेंज अंगणातल्या एकाच कोपऱ्यात. त्यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. देवळातल्या भजनाला जाऊन बस म्हटलं, तर तो म्हणाला की टाळ वाजवता येत नाही. आता क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांसाठी गावच्या पोरांत जातो, बहुतेक वेळा स्कोअर लिहायला.

पगाराचा आकडा आंबा उतरल्यावर वाढवून हवा, असं त्याचं म्हणणं आहे. मामा अजून हो म्हणालेले नाहीत. पुढच्या भेटीला दोघं त्यासाठीच येणार आहेत.