काट्यावरची पावती आणि लिंकमधलं टोकन

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, दोनशेच्या आसपास सभासद. कापूस काट्यावर मोजला की पावतीचा फोटो क्लाउडवर चढतो आणि ऑफिसातल्या पानावर दिसतो. सॉफ्टवेअर मीच लिहिलं, पीएचपीमध्ये, यूट्यूब पाहून. फोटो दिसावा म्हणून लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून ॲक्सेस टोकन, म्हणजे फाइल उघडायची किल्ली, जोडतो. तीन सीझन बिनघोर चाललं. आता क्लाउडवाल्यांचा मेल आलाय, लिंकमधलं हे पॅरामीटर काढून टाकतोय, टोकन हेडरमधून, म्हणजे लिंकबाहेर विनंतीसोबत जाणाऱ्या वेगळ्या ओळीतून, पाठवा. सगळं एचटीटीपीएसवर असताना यात असुरक्षित काय? मित्र म्हणतो, सगळ्या फाइली 'लिंक असेल त्याला दिसेल' अशा करून टाक, झंझटच नको. करू का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मित्राचं आधी. करू नका. असा मेल आला की घाईघाईत नेमकं हेच होतं. फाइल जगाला उघडी केली की टोकन लागत नाही, एरर जाते, आणि आपण काम फत्ते झालं म्हणून चहा घ्यायला जातो. पावतीसोबत सभासदांच्या पासबुकाचे आणि आधारचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये असतील. नसतील तर उत्तमच, पण मी पाहिलेल्या प्रत्येक ऑफिसात होते.

आता एचटीटीपीएस. रस्त्यात कोणी लिंक वाचू शकत नाही, हे खरं. पण लिंक वाटेत फारशी चोरीला जात नाही, ती दोन्ही टोकांना सांडते. इकडे ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, तिकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदवहीत, प्रश्नचिन्हापुढच्या शेपटीसकट लिहिली जाते. आणि मधे माणूस असतो. काट्यावरच्या पोराला फोन येतो, "पावती काहून नाही आली जी अजून?" तो बिचारा फोटोवर राइट-क्लिक करतो, पत्ता कॉपी करतो आणि गावाच्या ग्रुपवर टाकतो. त्याला वाटतं पावती पाठवली. गेलं टोकन.

माझी स्वतःची फजिती सांगते. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगसाठी मी असंच पान केलं होतं आणि टोकन आमच्याच सर्व्हरच्या लिंकमधून पुढे ढकलत होते. एकदा पान फार हळू चालायला लागलं म्हणून तीन दिवसांचा लॉग पुण्याच्या मित्राला पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन. "पान हळू का चालतंय ते नंतर पाहू. तुझ्या गोदामाची किल्ली माझ्याकडे कशाला पाठवलीस?" लॉगच्या ओळीओळीत टोकन होतं. शेवटचं तर अजून चालू होतं.

'टोकन' या शब्दानेच आपल्याकडे घोळ होतो. हमीभावाच्या तूर खरेदीचं टोकन म्हटलं की आपला नंबर, आपली तारीख, आपलाच माल. ते दुसऱ्याच्या हाती लागून त्याला फार काही करता येत नाही. ॲक्सेस टोकन तसं नाही. ज्याच्या हातात, तो मालक. ते एका पावतीपुरतंही नसतं. घेताना जेवढी परवानगी मागितली असेल तेवढं सगळं त्याने उघडतं. बहुतेकांनी सुरुवातीला 'पूर्ण ड्राइव्ह' मागितलेलं असतं, कारण व्हिडिओत तसंच दाखवलं होतं. तासाभरात ते संपतं हा दिलासा आहे, पण एक तास पुष्कळ झाला.

हा नियम काही परवाचा नाही. टोकन कसं पाठवायचं ते ठरवणारं आरएफसी ६७५० हे मानक २०१२ चं. लिंकमधून पाठवण्याची पद्धत त्यात आहे, पण तिथेच ती वापरू नका असंही बजावलंय. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७०० ने तर स्पष्ट मनाई केली. त्यामुळे तुमच्या क्लाउडवाल्यांवर रागावू नका. उलट इतकी वर्षं चालू दिलं याचंच मला नवल वाटतं.

बदल कुठे करायचा? कोडमध्ये 'ॲक्सेस_टोकन=' शोधा. जिथे पीएचपी स्वतः फाइल आणतं, तिथे एका ओळीचं काम आहे : लिंकमधून टोकन काढा आणि कर्लला, म्हणजे पीएचपीत फाइल आणणाऱ्या साधनाला, हेडर द्या, 'ऑथोरायझेशन: बेअरर', एक जागा सोडून टोकन.

अडचण पानावरच्या फोटोची. पानावर फोटो दाखवणाऱ्या इमेज टॅगला स्वतःहून असं हेडर पाठवता येत नाही, म्हणून तर सगळे टोकन लिंकमध्ये कोंबतात. तिथे एक छोटी फाइल लिहा. तिला फक्त पावती नंबर जाईल; लॉगिन झालेला माणूस ती पावती पाहू शकतो का हे ती तपासेल, क्लाउडवरून फोटो आणेल आणि पुढे देईल. टोकन सर्व्हरच्या बाहेर पडणारच नाही. तपासणी मात्र विसरू नका, नाहीतर १०४५ च्या जागी १०४६ टाकून शेजाऱ्याचा कापूस किती भरला ते कोणीही पाहील. आणि आपल्या गावात पाहतीलच.

काही स्टोरेजमध्ये सही केलेली लिंक मिळते. तुम्ही विचाराल, तीही लिंकच, तिच्यातही गुपित, मग ती कशी चालते? ती एका फाइलची, एकाच कामाची आणि ठरावीक वेळेची असते. फाइलचं नाव बदललं की सही जुळत नाही. ही खरी आपल्या तुरीच्या टोकनाची बहीण. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये ती जास्तीत जास्त ७ दिवसांची करता येते. पण पावती पाहायला दहा मिनिटं खूप झाली.

शेतकऱ्याला मात्र लिंक पाठवूच नका. फोटोच पाठवा, त्याच्या एकट्याच्या नंबरवर. काट्यापाशी रेंज एक दांडी असते. लहान केलेला फोटो कसाही पोचतो, आणि वर्षभराने चुकाऱ्याचा वाद निघाला तर त्याच्या मोबाइलमध्ये असतो.

ग्रुपवरचे जुने मेसेज शोधत बसू नका, ती टोकनं केव्हाच मेली. पण रोज नवं टोकन काढून देणारं रिफ्रेश टोकन कुठे ठेवलंय ते आजच पाहा. ते आपणहून तासाभरात मरत नाही. वेबसाइटच्या फोल्डरमध्येच एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल, तर मेलमधल्या तारखेची वाट न पाहता ते रद्द करा, नवं घ्या आणि त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा. नवं घेताना परवानगी फक्त तुमच्या ॲपने चढवलेल्या फाइलींपुरतीच मागा.