पारदर्शक, पारदर्शी की नितळ?

प्रश्न असा आला आहे: जपानी रचनाकार शिरो कुरामाता यांच्या ‘मिस ब्लांच’ या खुर्चीवर मराठीत लिहायचंय. तिला पारदर्शक म्हणावं की पारदर्शी? आणि विचारणाऱ्याची बहीण म्हणते तसं नुसतं ‘नितळ’ चालेल का?

‘पारदर्शी’ आधी बाजूला करू. दूरदर्शी, समदर्शी, तत्त्वदर्शी या शब्दांत ‘दर्शी’ म्हणजे पाहणारा. मार्गदर्शक, दिग्दर्शक, निदर्शक यांत ‘दर्शक’ म्हणजे दाखवणारा. खुर्ची काही पाहत नाही, दाखवते. म्हणून पारदर्शक. (सूक्ष्मदर्शी यंत्राचं काय, असं कुणी विचारेलच. तिथे आपण पाहण्याचं काम यंत्राला देऊन टाकलंय. भाषेत अशा सवलती असतात.) हिंदीत पारदर्शी सर्रास चालतं, तिकडूनच ते आपल्या बातम्यांत शिरलं असावं. चूक म्हणून कुणाला फाशी देण्याचं कारण नाही, पण मराठीत रुळलेला शब्द हाताशी असताना त्याची गरजही नाही.

आता खरी गंमत. ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ. पैलतीर दाखवतो तो पारदर्शक. म्हणजे या शब्दात पाहणारा अलीकडे, वस्तू मध्ये आणि बघायची गोष्ट पलीकडे, अशी मांडणी आधीपासूनच आहे. कुरामातांची १९७६ सालची काचेची खुर्ची यात चपखल बसते. सपाट काचा कडेला कडा चिकटवलेल्या, ना स्क्रू ना सांगाडा. खुर्चीतून मागची भिंत दिसते, आणि खुर्ची आहे हे बरंचसं कडांवरूनच कळतं. ही अगदी शब्दशः पारदर्शक.

१९८८ची मिस ब्लांच मात्र वेगळी. तिच्या पाठीत, बैठकीत आणि हातांत कृत्रिम गुलाब आहेत, अधांतरी तरंगावेत तसे. बघायची गोष्ट पैलतीरावर नाही, मधल्या पाण्यात आहे! आणि ‘पाणी’ हे मी उगाच म्हणत नाही. पातळ अ‍ॅक्रिलिक (काचेसारखं आरपार दिसणारं प्लास्टिक) साच्यात ओतून, त्यात गुलाब ठेवून, ते घट्ट होऊ देऊन ही खुर्ची घडते.

इथे बहिणीचं म्हणणं मला पटतं. नितळ हा पाण्याचा शब्द. लहानपणी आमच्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून हंडा रात्रभर नितळायला ठेवत. सकाळी गाळ खाली बसलेला आणि हंड्याच्या तळाचे ठोके मोजता यावेत इतकं पाणी स्वच्छ. नितळ पाण्यातून आपण पलीकडे बघत नाही, आत बघतो. तळ, खडे, मासे. पुढे हा शब्द आवाजाला, मनाला आणि हल्ली क्रीमच्या जाहिरातींमुळे त्वचेला लागला, त्यामुळे काहींना तो फार गोड वाटतो. तरी या खुर्चीला तोच शोभतो. काचेच्या खुर्चीला मात्र तो लावू नका.

जपानीत पारदर्शकाला ‘तोमेई’ म्हणतात. लिहिताना दोन अक्षरं येतात: एक आरपार जाण्याचं, दुसरं उजेडाचं. आपल्या शब्दात नजर पलीकडे जाते, त्यांच्या शब्दात उजेड. यावरून जपानी मनाबद्दल सिद्धांत मांडायचा मोह आवरा, एवढंच सुचवतो.

लेखात ‘पोस्टमॉडर्न’ला मराठी शब्द लागेलच. कुरामाता इटलीच्या एत्तोरे सोत्सास यांच्या मेम्फिस या पोस्टमॉडर्न रचनाकारांच्या गटाबरोबर १९८०च्या दशकात काम करत होते, तेव्हा ही ओळख टळत नाही. ‘उत्तराधुनिक’ रूढ आहे, पण उत्तररात्र म्हणजे रात्रीनंतरची वेळ नव्हे, रात्रीचाच शेवटचा भाग. ‘नंतरचा’ हा अर्थ हवा तर ‘उत्तर’ मागे लागतं: स्वातंत्र्योत्तर, साठोत्तरी. म्हणून मी आधुनिकोत्तर लिहितो. संपादक ते बदलतात, मी पुन्हा लिहितो.

आणखी एक. त्यांची १९८६ची ‘हाऊ हाय द मून’ ही आरामखुर्ची पोलादी जाळीची आहे, आत आधाराचा सांगाडा नाही. तिच्यातूनही पलीकडचं दिसतं, म्हणून तिला कुणी पारदर्शक म्हणतं. पण पोलाद स्वतः काहीच दाखवत नाही, दिसतं ते भोकांतून. ‘जाळीदार’ बरोबर आहे, पण त्यात खिडकीची जाळीही आली आणि अनारसाही आला. यासाठी आपल्याकडे साडीच्या दुकानातला शब्द तयार आहे: झिरझिरीत. लोखंडाला हे विशेषण कुणी लावलेलं मी वाचलेलं नाही. तुम्ही लावा.