रिसीव्हर जोडताना आधी आवाजाचा रस्ता ठरवा

तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे तुमचं सामान असं: नवा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज वाटणारं यंत्र), ५५ इंची फोर-के टीव्ही, डिशचा सेटटॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर). आणि मुलुंडच्या फ्लॅटमधला १० बाय १६ फुटांचा हॉल. तक्रारी दोन. टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरमधून येत नाही आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) सारखा घुमतो. सगळ्या केबल काढा, रिसीव्हरचा प्लगही काढा, आणि एकेक वस्तू जोडत चला. जोडलेल्यात हात घालून दोष शोधायला गेलात तर रविवार त्यातच जाईल.

सेटटॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला. टीव्हीला एकच केबल जाईल, रिसीव्हरच्या 'मॉनिटर आउट'मधून. ती टीव्हीच्या कुठल्याही पोर्टात चालत नाही. ज्या पोर्टाशेजारी 'आर्क' किंवा 'ई-आर्क' (त्याचीच सुधारित आवृत्ती) छापलंय त्यातच घाला. भिंतीला टांगलेल्या टीव्हीला हात पोचेल ते पोर्ट वापरलं जातं, आणि तुमची पहिली तक्रार बहुधा तिथेच आहे. या एकाच केबलमधून चित्र टीव्हीकडे जातं आणि ॲपचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो, यालाच आर्क म्हणतात. रिसीव्हरला दोन आउट असतील तर आर्क सहसा एकाच्याच नशिबी असतं, लेबल वाचा.

पोर्ट बरोबर असूनही आवाज नसेल तर सेटिंग बघा. रिसीव्हरच्या मेनूत आर्क आणि सीईसी (एचडीएमआयमधून यंत्रं एकमेकांना आज्ञा देतात ती सोय) चालू हवं. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते बंद अवस्थेत येतं. टीव्हीतही सीईसी चालू करा. सॅमसंग त्याला 'ॲनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिमप्लिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. मग टीव्हीचा साउंड आउटपुट 'ऑडिओ सिस्टीम'वर आणि डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास थ्रू'वर ठेवा. 'पीसीएम' (आवळून न पाठवलेला डिजिटल आवाज) राहिलं तर साध्या आर्कवर मागचे स्पीकर गप्प बसतात, कारण त्यातून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. एवढं करूनही शांतता असेल तर दोन्ही यंत्रांचे प्लग काढून पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग रिसीव्हर चालू करा. रिमोटनं बंद केल्यानं हे साधत नाही.

ऑप्टिकल केबलचा सल्ला कुणी देईल. डॉल्बी डिजिटल ५.१ तीतून जातं, पण ॲपवरचा ॲटमॉस (डॉल्बीचा वरून-चहूकडून येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, तो जात नाही. डिस्कवरच्या ट्रू-एचडीला (डॉल्बीचा दर्जा न घटवता साठवलेला आवाज) तर ई-आर्कच लागतं; पण तुमचा प्लेअर थेट रिसीव्हरला असल्यानं तो प्रश्न उरत नाही. प्लेअरच्या मेनूत आउटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता रिसीव्हरकडे सोपवणं) करा आणि 'सेकंडरी ऑडिओ' (जोडीचे आवाज मिसळणं) बंद करा. सेटटॉप बॉक्स बहुधा स्टिरिओवर लावून येतो, त्यात डॉल्बी निवडा.

चित्र मधूनच काळं होत असेल किंवा ठिपके चमकत असतील तर केबलवर संशय घ्या. फोर-के एचडीआरला (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेलं चित्र) सेकंदाला १८ गिगाबिटची केबल लागते, आणि साधी तांब्याची केबल पाच मीटरपुढे भरवशाची नाही.

आता स्पीकरची वायर, इथे घाई नको. दाराच्या चौकटीवरून फिरवत मागच्या स्पीकरला नेलीत तर एका बाजूला १२ मीटर लागेल. पुढचे तीन धरून ३५ मीटर, म्हणून ४० घ्या. १६ गेज (वायरच्या जाडीचं माप) पुरतं: १२ मीटरला जाऊन-येऊन रोध साधारण ०.३ ओहम, ६ ओहमच्या स्पीकरला तेवढा चालतो. मात्र वायर तांब्याचीच हवी. स्वस्तात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते. तार ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत करा.

टोक १० ते १२ मिलिमीटरच सोला आणि तारा घट्ट पिळून घ्या. एक केसाएवढी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो, आणि माणूस थेट सर्व्हिस सेंटर गाठतो. बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसवायची पिन) लावलेत तर ही भानगड मिटते. समुद्राजवळच्या घरांत उघडं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. तेवढं टोक कापून नव्यानं सोलायचं. लाल-काळ्याची अदलाबदल झाली की बेस पोकळ वाटतो. खात्रीसाठी रिसीव्हरकडचं टोक सोडवून त्याला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो.

सबवूफरला रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून एकच आरसीए केबल, सबच्या 'एलएफई' (खर्जाच्या चॅनेलचं) सॉकेटात. तो नसेल तर डाव्या इनपुटात लावून सबवरचं क्रॉसओव्हरचं (कुठल्या आवाजापासून खाली सब वाजेल ते ठरवणारं) बटण सर्वांत वरच्या आकड्यापर्यंत फिरवा. कुठून काय कापायचं ते रिसीव्हर ठरवतो: स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा खर्ज सबकडे), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. मायक्रोफोननं कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) केल्यावर हे पुन्हा तपासा, कारण ते पुष्कळदा 'लार्ज' करून ठेवतं. त्या वेळी पंखा, एसी बंद; माइक कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नको. चाचणीचे आवाज रात्री अकराला काढू नका, सोसायटीच्या ग्रुपवर नाव येईल.

घुमण्याचं मूळ शोधायला सेटटॉप बॉक्सची डिशची केबल काढा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ मिळाल्यानं केबलमध्ये फिरणारा करंट). आधी टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स आणि सब एकाच स्पाइक बोर्डवर घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर सबच्या आरसीए केबलमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा. केबल टीव्हीवाल्यांचा साधा आयसोलेटर डिशच्या केबलमध्ये चालत नाही: त्याच वायरीतून एलएनबीला (डिशवरचा सिग्नल पकडणारा डबा) १३/१८ व्होल्ट जातात, ते अडले की चॅनेल गायब. आणि तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून 'हम' घालवायचा जुना उपाय करू नका. गुणगुण जाते, पण बिघाड झाला तर करंट धातूच्या डब्यात येतो. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं. वायरमनकडून न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक.

टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' स्विच असेल तर 'लाइन' करून 'सीडी' इनपुटला लावा. नसेल तर रिसीव्हरला 'फोनो' इनपुट (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा) हवा, आणि बारीक ग्राउंड वायर त्याच्या स्क्रूला कसायची. लाइनवरचं टर्नटेबल फोनोत घातलंत तर आवाज फाटतो. उलट केलंत तर जेमतेम ऐकू येतं.

टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हरच्या डोक्यावर दहा सेंटिमीटर मोकळे ठेवा, काचेचं दार लावू नका. वायर आणि प्लग ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला मिळतील. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.