सरनोबत, सेनापती की सरसेनापती?

लालबागच्या एका वाचकांनी विचारलं आहे : 'शिवजयंतीच्या फलकावर प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते या दोघांच्याही नावाआधी सरसेनापती लिहितोय. मंडळातले एक काका म्हणतात, सरनोबत लिहा. बरोबर काय?'

काकांचं म्हणणं प्रतापरावांपुरतं अगदी बरोबर आहे. हंबीररावांना मात्र सेनापती म्हणावं. दोघांच्या मधोमध ६ जून १६७४ हा शिवराज्याभिषेकाचा दिवस उभा आहे.

प्रतापराव नेसरीला बहलोलखानावर तुटून पडले आणि कामी आले ते फेब्रुवारी १६७४ मध्ये. राज्याभिषेक त्यांनी पाहिलाच नाही. त्यांच्या हयातीत या पदाला सरनोबत म्हणत. फारसीत 'सर' म्हणजे डोकं, प्रमुख. 'नौबत' म्हणजे पाळी, पहारा आणि ठरावीक वेळी वाजणारा नगारासुद्धा. 'उपाशी राहायची नौबत आली' असं म्हणतो तेव्हा त्यातला 'पाळी' हा जुना अर्थच आपल्या तोंडी असतो. शिवाय सरनोबत एकच नसे. घोडदळाचा वेगळा, पायदळाचा वेगळा (येसाजी कंक पायदळाचे), आणि गडागडावर हवालदार नि सबनीस यांच्या जोडीलाही एक सरनोबत असेच.

रायगडावर महाराज छत्रपती झाले आणि कारभाराची भाषाही बदलली, फारसी नावांच्या जागी संस्कृत नावं आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तो याच कामासाठी. गड बांधले, आरमार उभारलं, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार अशी फौजेची घडी बसवली. त्याच तोलाचं हे काम आहे असं मी मानतो. नवं राज्य कुणाची मनसबदारी नव्हे, हे त्याच्या पदांच्या नावांतूनही दिसलं पाहिजे, एवढा पुढचा विचार त्यामागे होता. लोकांनी अर्थात सगळंच स्वीकारलं नाही. पंतप्रधान हे नाव दिलं तरी पेशवा हाच शब्द टिकला, आणि हवालदार तर आजही मुंबईच्या नाक्यानाक्यावर उभा आहे.

आता सरसेनापती. फारसी 'सर' संस्कृत शब्दाला जोडून आपण सरन्यायाधीश म्हणतो, तसाच हा शब्द. मराठी म्हणून त्यात काही चूक नाही, भाषणात खुशाल वापरावा. पण अष्टप्रधानांतलं पद नुसतं 'सेनापती' होतं. (दादरच्या सेनापती बापट मार्गावरून इथे घोटाळा नको. पांडुरंग महादेव बापटांना ती उपाधी मुळशी सत्याग्रहामुळे लोकांनी दिली. ते पद नव्हतं.)

तेव्हा फलकावर एका ओळीत 'सरनोबत प्रतापराव गुजर' आणि खालच्या ओळीत 'सेनापती हंबीरराव मोहिते' असं लिहा. जागा उरली तर दोन्ही नावांपुढे १६७४ हे साल घाला : एकाच्या मृत्यूचं, दुसऱ्याच्या नेमणुकीचं.